करकोच्यांची चिंच

लढाईत जळणाला भाव चढला, तेव्हा गुंडानं बांधावरची चिंच तासगावच्या वखारवाल्याला विकायची ठरवली. चिंचेवर करकोच्यांची पिल्लं होती. गुंडाच्या बायकोला, बनुबाईला पिल्लांच्या काळजीनं घास गोड लागेना. “जत्रंत देवाच्या मानाच्या नारळाचा लिलाव करू, त्या पैशात चिंच इकत घिऊ,” गाव तिला म्हणालं. जत्रेआधी बनुबाईनं भावकीतल्या सयाजीच्या बायकोला पाणवठ्यावर डिवचलं, “जाऊबाई, औंदा नारूळ आमचाच! तुमास्नी न्हाई झेपायचा.” लिलावात सयाजी गरजला, “धा रुपयं!” गुंडा उसळला, “ईस!” कुणीच हटेना. अखेर चिंचेच्या किमतीएवढ्या बोलीवर नारळ गुंडाकडे गेला. पंचांनी त्याच्या नोटा त्याच्याच हातावर ठेवल्या, “ह्ये तुज्या चिंचेचं पैसं.” घरी गुंडा भडकला, “ह्यात मला काय गावलं?” “आवं, सयाजी हरला न्हवं?” बनुबाई म्हणाली. गुंडाची मान ताठ झाली. वखारवाल्याला म्हणाला, “उशीर झाला, पावणं! चिंच मी इकत घेतली.”