एकच लाँच

"काकी, ही मेसेज-अ‍ॅपवाली कंपनी बुडवायची नाहीये. तिची मक्तेदारी मोडायचीय," उन्नती म्हणाली. "ग्राहक म्हणून दोन वाक्यं बोला. मी रेकॉर्ड करते, वकील कोर्टात देतील."

यशोदाबाई खिडकीशी बसल्या होत्या. कामोठ्यातली सुस्त दुपार. खाडीवरच्या वाऱ्यानं पडदा फुगायचा, बसायचा. आतल्या खोलीतून पंख्याची घरघर येत होती, आणि बघणाऱ्याच्या पापण्या आपोआप जडावत होत्या. तान्हं बाळ निजलेल्या घरात बोलतात, तसं यशोदाबाई हळू बोलत.

"आमच्या उरनच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला एकच लाँच सुटायची, बाय. आमी तिला शिव्या घालायचो न् तिच्यातच बसायचो. पोहून कोन जानार?"

उन्नतीला हसू आलं. वरच्या मजल्यावरची ही पोरगी ग्राहक मंचासाठी दारोदार फिरत होती. अख्खी सोसायटी त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नावानं बोटं मोडत होती आणि तसे निरोपही तिच्याच अ‍ॅपवरून फिरवत होती. बोलायला पुढे मात्र कुणी येत नव्हतं.

"निशांतदादाला सांगा ना दुसरं अ‍ॅप घ्यायला. तुम्हीही घ्या."

यशोदाबाईंचा हात मांडीवरच्या फोनवर गेला. नवऱ्याच्या बाराव्याला मायलेकांचं कडाक्याचं वाजलं होतं. तेव्हापासून निशांत सोसायटीत कुणाच्या नजरेला पडला नव्हता. कुणी दुबई म्हणे, कुणी अमेरिका.

"अमेरिकेचं काम करतो तो. तिकडच्या घड्याळावर निजतो न् उठतो. मना वाचता येत नाय. तो लिवतो, न् कंपनीची ती बाई मना वाचून दाखवते. कती गोड बोलते! डोले मिटले का वाटतं, तोच बोलतो."

"दुसरी अ‍ॅपंही वाचून दाखवतात, काकी."

"दाखवत असतील. पन तो घेईल का नवीन?" यशोदाबाईंनी फोन मुठीत धरला. "ही तार तुटली, तर माजा पोरगा परत जोडनार नाय, बाय. मग मी कोनाचं ऐकू?"

यशोदाबाई उठल्या, चहा केला, ओट्यावर तीन कप मांडले. काकांच्या कपाची सवय अजून सुटली नाही, उन्नतीच्या मनात आलं. आपला चहा संपवून तिनं फोन पर्समध्ये टाकला.

"राहू द्या, काकी. नका बोलू."

दार लावून यशोदाबाई पुन्हा खिडकीशी बसल्या. पडदा फुगला, बसला. ओट्यावरच्या तिसऱ्या कपावर साय धरत होती. इतक्यात फोन वाजला. यशोदाबाईंनी डोळे मिटले, आणि निशांतनं लिहिलेलं ती बाई मधाळ आवाजात वाचू लागली:

"गेली का ती? चहा माझ्या खोलीच्या दाराबाहेर ठेव."