आटवलेलं पाणी

"हा मळ नाही, सेलिन. घासून जायचा नाही," दातांचे डॉक्टर कॉर्नेलियस म्हणाले आणि त्यांनी कॅथरीनच्या तोंडातून आरसा काढला.

सेलिनला ते पटेना. लेकीचे पुढचे पक्के दात आले तेच तपकिरी डाग घेऊन. रोज सकाळी ती मिठानं, सोड्यानं ते घासत होती. हिरड्यांतून रक्त यायचं, पोर रडायची, डाग मात्र जागच्या जागी. आता पोरीचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन तोंडावर आलं होतं.

"पाणी कुठलं पिता?"

"उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या घरी बोअरचं येतं. पण मी तसंच नाही देत हां, डॉक्टर. पार निम्मं होईपर्यंत आटवते. दोन्ही पोरांना तान्हेपणापासून आटवलेलंच पाजलंय, दूधपावडरसुद्धा त्यातच." सांगताना तिची मान जरा ताठ झाली. ड्यूटी करून इतकं कोण करतं?

डॉक्टरही तिच्यासारखेच वसईहून आखातात आलेले. त्यांच्या आईनंही त्यांना तसंच पाणी पाजलं होतं. ते थोडा वेळ हात पुसत राहिले.

"या पाण्यात फ्लोराइड आहे. दात बळकट व्हावेत म्हणून काही देशांत ते चिमूटभर मुद्दाम घालतात. तुमच्या बोअरला मुळातच जास्त आहे. उकळलं की वाफ उडून जाते, ते भांड्यातच राहतं. तू निम्मं आटवलंस, म्हणजे दुप्पट करून पाजलंस."

त्यांनी हळू आवाजातच सांगितलं. त्यानं काय फरक पडणार होता!

"पण धाकट्या लान्सीचे दात तर पांढरेशुभ्र आहेत," सेलिन घाईनं म्हणाली. "चार वर्षांचा झाला तो."

"ते दुधाचे, बाई. पुढचे पक्के आत हिरडीत तयार झालेत. आजपासून टँकरचं गोड पाणी दे, त्यात हे फारसं नसतं; मागच्या दातांना उपयोग होईल. आणि हिचं ते घासणं आता खलास."

"नो मोर रबिंग, मम्मी?" कॅथरीननं विचारलं आणि आनंदानं खुर्चीतून उडी मारली. सेलिनला तिच्याकडे बघवेना.

घरी दार उघडताच लान्सी धावत आला आणि बापानं शिकवलेला माकडाचा आवाज काढून खदखदून हसला. सेलिननं पर्ससकट त्याला उचललं. त्याच्या त्या इवल्या पांढऱ्या दातांकडे ती बघतच राहिली.

"हस, राजा," ती म्हणाली. "हे पडेपर्यंत हसून घे."