टाकीतला ठोसेबाज

माशांच्या टाकीत फुटलेला शंख सापडला की अण्णा सुनेला बोलत. "घासताना हात आपटतेस तू, मृणाल. गोगलगायी मरतात माझ्या."

एका संध्याकाळी मृणाल टाकीचा दिवा मालवून लाल टॉर्च घेऊन बसली. दगडाच्या भोकातून देठांवरचे दोन डोळे बाहेर आले आणि दोन दिशांना फिरले. मग कोळंबीसारखा एक हिरवा जीव निघाला. त्याने एका ठोशात शंख फोडला.

"अण्णा, मँटिस श्रिंप!" तिने हाक मारली. "काही जातींचे पुढचे पाय भाल्यासारखे असतात, याचे गदेसारखे आहेत. समुद्रातून आणलेल्या दगडाबरोबरच आला असणार."

"दगड बाहेर काढ आणि उकळतं पाणी ओत त्या भोकात."

सकाळी मृणालने तो दगड जाड अ‍ॅक्रिलिकच्या वेगळ्या टाकीत हलवला. खाली वाळू पसरली, लपायला नळीचा तुकडा ठेवला.

"याच्यामुळे एवढी बोलणी खाल्लीस आणि यालाच पाळणार?" अण्णांनी विचारलं.

"माझ्यावर आळ यानं नव्हता घेतला, अण्णा."

अण्णांनी वाकून नव्या टाकीत पाहिलं. मग त्यांनी बाजाराची पिशवी घेतली. "जिवंत चिंबोरी चालेल याला?"

"लहान आणा," मृणाल म्हणाली, "आणि आपल्यासाठी मोठ्या."