गाभाऱ्यातला वारा

२०२२ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. सातपूरच्या कॉलनीत सावळीराम लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करत होते आणि लताबाई वहीतून कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचून दाखवत होत्या. सोमवारी ते प्रकाशकाकडे जायचं होतं.

कादंबरी प्रेमाची होती, जरा जादूची. नायिकेचे केस गुडघ्यापर्यंत होते. लताबाईंचे कधी खांद्याखाली उतरले नव्हते. नायकाचे डोळे समुद्रासारखे खोल होते; लताबाईंनी समुद्र एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा त्यांना बस लागली होती. कौलाचं प्रकरण मात्र घडलेलं होतं.

“लिहा. देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल कवीचं, डाव्यावरचं कारागिराचं. आधी पडेल तो तिचा. तिनं दोन्ही शेवंत्या...” लताबाई जरा अडखळल्या. “दोन्ही शेवंत्या ओल्या बोटांनी चिकटवल्या. गाभाऱ्याला खिडकी नव्हती. तरी कुठूनसा वारा आला. डावं फूल पडलं नाही, उडालं! सात जन्मांची गाठ...”

सावळीरामांचं बोट थांबलं.

“का हो? अक्षर सापडेना का?”

“इथं चूक आहे.”

“शुद्धलेखनाची?”

“वाऱ्याची.”

घडलं होतं १९७६ साली, मखमलाबादेत. लताबाईंचे वडील धोंडीराम मळ्यात शेवंती लावायचे. त्यांच्या मुलीला एकाच महिन्यात दोन स्थळं आली. ज्ञानेश बँकेत होता, कविता करायचा, हसला की गालाला खळी पडायची. सावळीराम कारखान्यात फिटर होता आणि हसायचाच नाही. मुलगी पाहायला आला, पोहे खाल्ले, आणि जाताना दाराच्या करकरणाऱ्या बिजागरीला तेल घालून गेला. घरच्यांचा ओढा बँकेकडे होता. पण दोघांपैकी कुणाला दुखवायचं, हे ठरेना. शेवटी धोंडीराम म्हणाले, “कौल लावू. फुलं पोरीच्याच हातानं.”

कौल फिटरच्या बाजूनं गेला. तेव्हापासून सेहेचाळीस वर्षं लताबाई त्या वाऱ्याच्या जिवावर संसार करत होत्या. नवरा वाढदिवस विसरला, लग्नाच्या पंगतीत घोरला, तरी त्या मनाशी म्हणायच्या, देवीनं दिलाय, ठेवून घ्यायला हवा.

“पंखा होता,” सावळीराम म्हणाले.

“कुठं?”

“मूर्तीमागं. देवळातला टेबलफॅन. गुरवानं मला दुरुस्तीला दिला होता. आदल्या दिवशीच झाला होता दुरुस्त. पण कौल लागणार म्हणून कळलं, मग काम राहिलंय सांगून पडद्याआड बसून राहिलो. पंख्याचं तोंड डाव्या फुलाकडे केलं. तू हात काढलास, मी बटण दाबलं.”

“आणि आवाज?”

“गुरव घंटा बडवत होता की! एक नंबरवरच ठेवला होता. तीनवर ठेवला असता तर देवीचा मुकुट गेला असता.”

लताबाईंनी वही मिटली. “अहो, दर चैत्रात मी तिची ओटी भरते. तुम्ही पिशवी धरून शेजारी उभे असता. लाज नाही वाटली?”

“वाटायची ना. म्हणून तर दरवर्षी त्या पंख्याला तेल घालून येतो.”

लताबाईंना हसू येत होतं. पण सावळीराम हसत नव्हते. लॅपटॉपवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले होते.

“तिसऱ्या प्रकरणापासून टाइप करतोय मी. त्या कवीचे डोळे, त्याची खळी. तुझं नशीब मीच उडवून लावलं असेल, तर सांग लता. पंखा नसता तर त्याचं फूल पडलं असतं का?”

“टाइप करा,” लताबाई म्हणाल्या. “वाराच राहू द्या. प्रकाशकाला पंखा चालायचा नाही.”

कादंबरी निघाली. सूनबाई मंजुषानं सतरा पानं वाचली आणि छान आहे म्हणाली. ज्ञानेश प्रकाशनाला आले होते. बँकेत लागल्यावर चार-पाच वर्षांत त्यांची कविता सुटली होती आणि खळी आता दाढीत गेली होती. “तो वारा फार सुंदर लिहिलाय,” ते म्हणाले. सावळीरामांना त्या वेळी जोराचा खोकला आला. पंख्याची कबुली दिल्यापासून त्यांची भूक कमी झाली होती. लताबाईंचा वाढदिवसही ते आता विसरत नव्हते. पहाटे उठून चहा करायचे आणि उत्तराची वाट पाहायचे.

चैत्रात लताबाईंनी ओटी भरली. सावळीराम मूर्तीमागं वाकून तेलाचे थेंब सोडत होते. लताबाई पडद्याजवळ गेल्या.

“फूल इतकं झटकन उडालं, तेव्हा वाटलं, देवीनं माझी लबाडी पोटात घातली,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हणून कुणाला बोलले नाही. कादंबरीतसुद्धा खोटं लिहिलं.”

“कसली लबाडी?”

“अहो, फुलवाल्याची पोर मी. उजवी शेवंती भिजवून चांगली दाबून बसवली होती. तुमची नुसती कोरडीच टेकवली होती.”