चार वार देवाचे

"पुढच्या रविवारपासून मटण बंद!" शेफालीनं जाहीर केलं, आणि दत्तोबांच्या हातातली नळी तोंडाजवळच थांबली.

सूनबाई खराडीतल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये कामाला. तिथं कुणीतरी भाषण ठोकलं होतं. बकऱ्यांमुळे म्हणे पृथ्वी तापते. प्रत्येक घरानं आठवड्यातला एक दिवस मटण सोडायचं. पृथ्वीही सुधारते आणि हार्टही. इंद्रजीतनं बायकोच्या होला हो केलं. त्याचं काय जातंय, त्याचं जेवण मोबाइलवरून येतं! दत्तोबांची जमीन गेली, बैल गेले, निम्मे दात गेले. उरले होते बुधवार, शुक्रवार आणि त्यांचा लाडका रविवार.

"अगं पोरी," ते कळवळले, "सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. चार वार देवाला देऊन बसलोय. पृथ्वीला आता कुठला देऊ?"

शेफालीनं सगळे वार मोबाइलमध्ये भरले. भरता भरता तिचा चेहरा पडला.

"आबा, ॲप म्हणतंय आपलं घर ऑलरेडी ग्रीन आहे. अजून एक दिवस खाल्लंत तरी चालेल."

झालं! म्हातारा हुरळला. पृथ्वीनंच परवानगी दिल्यावर अडवणार कोण? त्यांचा डोळा मंगळवारवर गेला. गणपती तसा समजूतदार देव.

"मथुरे, मंगळवारचा नवस कसला होता गं आपला?"

मथुराबाई रस्सा वाढत होत्या. "नवस कुठला! तुमचं बीपी वाढलं, डॉक्टर म्हनला मटण कमी करा. तुमी डॉक्टरचं ऐकताय व्हय? मंग गणपतीचं नाव सांगितलं."

"आन् गुरुवार?"

"कोलेस्टेरॉल."

"शनिवार?"

"मूळव्याध. सोमवार तेवढा खरा महादेवाचा."

इतकी वर्षं दत्तोबा शनिवारी मारुतीला तेल वाहून, वर शेपूची भाजी मुकाट्यानं गिळत होते! इंद्रजीत तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसत होता. दत्तोबांनी संतापून ताट ढकललं. फार लांब नाही, हात पोहोचेल इतकंच.

"फसवलंस मला! आता सगळे वार मोकळे. मंगळवारपासनं रोज मटण!"

मथुराबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"बरं आठवलं," त्या म्हणाल्या, "रविवार खंडोबाचा असतो."