नव्या गोळीचा गुण

लालसूनं दहापैकी दोनच चिंचोके पुढे सरकवले. म्हणजे दुखणं दोन. दोन महिन्यांपूर्वी गावचा हा म्हातारा पुजारी नऊ सरकवून कण्हत बसला होता.

"नक्की दोनच?" डॉक्टर संघप्रियानं विचारलं.

"दोनच, बाई. आता बांबू तोडाले बी जातो मी."

नर्स कमळानं आकडा लिहून घेतला. भामरागडकडच्या दोन गावांत सांधेदुखीच्या दोन औषधांची तुलना चालली होती. नदीपलीकडे जुनी गोळी, इथे नवी. पलीकडे नऊचे सात झाले होते, इथे जवळजवळ सगळ्यांचे दोन-तीन.

संघप्रियाला आनंद व्हायला हवा होता, पण ती फार दमली होती. कोणता उपचार सरस, हे मोठ्या प्रमाणावर तपासायला सरकार तीन वर्षांचा निधी देणार होतं. आधी छोट्या पाहणीचा निकाल दाखवा, एवढीच अट. मुदत आज संपत होती. तिचे दोन अर्ज आधीच परत आले होते, त्यातला एक तर पानाचा समास चुकला म्हणून. हाही परत आला की आरोग्य केंद्राला कुलूप आणि कमळाची नोकरी गेली.

"दर आठवड्याले मी सोता घरोघरी इचारलं, मॅडम," कमळा म्हणाली. "गोळी घेतली का? घेतली म्हणे सगळे. एकाचाबी खाडा नाई."

नेटवर्क फक्त शाळेमागच्या टेकाडावर यायचं. तिथे फोन उंच धरून संघप्रियानं अर्ज पाठवला. 'दाखल झाला' अशी अक्षरं उमटली, तशी ती मटकन दगडावर बसली. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

आता गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची मोजणी तेवढी उरली होती. ती खाली लालसूच्या अंगणात आली.

"भाऊ, पाकिटं परत न्यायची आहेत. सगळ्यांची गोळा करता का?"

"माह्याच घरी हायेत सगळ्याइची."

लालसू आत जाऊन मोठी टोपली घेऊन आला. पाकिटं नीट रचलेली होती. एकही फोडलेलं नव्हतं.

"तुमीच तं म्हणले, बाई, औषध नवं हाय," तो म्हणाला. "घेतलं आमी, पण देवाले चढवल्याबिगर नवं कायबी तोंडात टाकत नाई. पूजा येत्या पुनवेले हाय, मंग खाऊ."