ताट वाढेल शे

प्रशीलने मोबाइलवर मादीचा आवाज लावला आणि दुसऱ्याच मिनिटाला नर रानपिंगळा समोरच्या सागावर येऊन बसला. दिवसाढवळ्या फिरणारं हे एवढंसं घुबड. त्याच्या एका फोटोसाठी प्रशील दोन वर्षं अमळनेरहून यावलच्या जंगलाच्या कडेला खेटे घालत होता. शनिवारपर्यंत पतसंस्थेतली नोकरी, रविवार पाखरांचा. आज फोटो असा साधला की विचारता सोय नाही.

नर मात्र जागचा हलेना. मान गर्रकन वळवायचा, साद घालायचा, थांबून ऐकायचा, पुन्हा साद घालायचा.

शेजारच्या दगडावर प्रशीलचे वडील बसले होते, आधारनाना. घरात बसून कुढतात म्हणून त्याने त्यांना मुद्दाम सोबत आणलं होतं. त्यांनी विचारलं, "हाऊ कोणले धुंडी ऱ्हायना?"

"मादीला, नाना. पण ती नाहीये इथे. हा फोनमधला आवाज आहे."

नानांची नजर पाखरावरच होती. "बंद करी दे, पोरा. त्याले खरंच वाटी ऱ्हायनं."

प्रशीलने झटकन आवाज बंद केला. घरी तो रोज हेच करत होता.

चार महिन्यांपूर्वी आई गेली आणि नानांनी अन्नच टाकलं. सून वृषाली वाढून वाढून थकली. मग प्रशीलला एक जुनं रेकॉर्डिंग सापडलं. अंगणातल्या बुलबुलाचा आवाज टिपताना मध्येच आई बोलली होती, "ताट वाढेल शे, उठा. थंडं हुई जाई." बुलबुल बिघडला म्हणून तेव्हा तो तिच्यावर केवढा खेकसला होता! आता तोच आवाज तो रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात लपून लावायचा. नाना उठायचे, दारापर्यंत यायचे, आत बघायचे आणि मुकाट्याने ताटावर बसायचे. चार घास पोटात जायचे. आपल्या युक्तीवर प्रशील खूश होता.

आज त्याला स्वतःचीच लाज वाटली. जन्मदात्या बापाला आपण पाखरासारखं झुलवलं. परतताना फैजपूरला नाना चहा पीत होते, तेव्हा त्याने मोबाइल काढला. आधी रानपिंगळीचा आवाज पुसला, मग आईचा. कायमचा पुसायचा का, असं फोनने विचारलं. त्याने डोळे मिटून 'हो' दाबलं. आईचा तेवढाच आवाज जगात उरला होता. डोळे भरून आले, पण छातीवरचा धोंडा उतरला.

संध्याकाळी त्याने स्वतः ताट वाढलं. "नाना, जेवायला चला."

नाना खाटेवरून उठले नाहीत. स्वयंपाकघराकडे कान लावून बसले होते.

"आईचा आवाज आता लागणार नाही, नाना," प्रशील त्यांच्या पायाशी बसला. "चुकलं माझं. मी फसवत होतो तुम्हाला."

नाना हसले. कित्येक दिवसांनी हसले. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "त्या पाखरूले माहीत नव्हतं, बेटा. माले पहिला दिनपासून माहीत शे, ती नही शे. लाव तिना आवाज, मंग जेवूत."